पहिला प्रतिध्वनी सोडून

रविवारी सकाळी कुमासीत चर्चमध्ये नसलेलं माणूस एकतर आजारी असतं, नाहीतर आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं असतं. डॉक्टर आफ्राकोमा यांपैकी काहीच नव्हती. इस्पितळाच्या एमआरआय खोलीबाहेर काचेला नाक लावून ती एका बरणीकडे बघत बसली होती, आणि असा हा तिचा तिसरा रविवार होता. पहिल्या रविवारी आईने विचारलं, चर्चला का आली नाहीस. दुसऱ्या रविवारी विचारलं, कुणी भेटलंय का. आज आईने काही विचारलंच नाही, आणि ते आफ्राकोमाला जास्त लागलं.

बरणीत जेली होती. मुलांच्या वाढदिवसाला जिलेटिन घालून थिजवतात तशीच. फक्त हिच्यात असं एक रसायन होतं की किरण लागतील तिथे ती दुधाळ होई. जास्त किरण, जास्त दुधाळ. माणसाच्या डोक्यात किरण नेमके कुठे पोहोचतात हे डोकं उघडून बघता येत नाही. म्हणून आधी ही बरणी डोक्याच्या जागी ठेवायची, तिच्यावर सगळा इलाज जसाच्या तसा करायचा, आणि नंतर नुसत्या डोळ्याला न दिसणारं एमआरआयकडून वाचून घ्यायचं. इस्पितळात किरणांचं माप आफ्राकोमाच्या हाती होतं. तिची सही झाल्याशिवाय एकही किरण कुणाच्या अंगाला लागत नसे.

या वेळी बरणी उभी होती ती मामे पोकुआच्या डोक्याच्या जागी. मामे पोकुआ टेचिमान गावची शिवणवाली; मामे म्हणजे आई, मानाने म्हणायचं. तिच्या डोक्यात, उजव्या डोळ्याच्या नसेला अगदी खेटून, एक गाठ वाढत होती. डावा डोळा गाठीने केव्हाच नेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर ती अजून गावातल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवत होती. गाठ मारायची तर नसेच्या कडेकडेने किरण सोडायचे, आणि नसेला धक्का लागला तर तोही डोळा जायचा.

मार्ग दोन होते. जुना मार्ग म्हणजे रोज थोडे थोडे किरण, सहा आठवडे. नसेला ते सोसतात, पण बाईला घरदार, दुकान आणि डिसेंबरची सगळी शिलाई सोडून कुमासीत राहावं लागणार. नवा मार्ग म्हणजे मोजक्या बैठकांत बारीक आणि जोरकस मारा, आठवड्याच्या आत बाई घरी. नवा मार्ग इस्पितळात अजून कुणावर वापरला नव्हता. तो इथे यावा म्हणून डॉक्टर अँपोन्साह यांनी किती वर्षं मंत्रालयाचे उंबरठे झिजवले होते, ते त्यांच्या चपलांनाच ठाऊक. पोकुआ त्यांची पहिली रोगी. सोमवारी सकाळी, म्हणजे उद्याच, तिची पहिली बैठक ठरली होती.

आणि बरणीत एक डाग होता. असावा. किंवा नसावा. गेले तीन रविवार भांडण होतं ते एवढंच.

"तुमच्या पाहुणीला पाणीबिणी दिलंत का?" वोफा न्यामेकयेने दारातूनच विचारलं. एमआरआय चालवणारा हा माणूस. सगळं इस्पितळ त्याला वोफा म्हणे, म्हणजे मामा. काल शनिवार, म्हणजे अंत्यविधीचा दिवस, आणि कुमासीत शनिवारी एखाद्या तरी अंत्यविधीला न जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय. वोफाच्या कानांत अजून लाउडस्पीकर घुमत होते, डोळे तांबारले होते.

आफ्राकोमाने सांगितलं की पाहुणी परवापासून याच खोलीत आहे, पाण्याच्या भांड्यात बसवली आहे, एव्हाना खोलीइतकीच थंड झाली असेल. जेली गरम असेल तर एक सांगते, गार असेल तर दुसरंच. म्हणून तिला आधी निवू द्यावं लागतं.

"म्हणजे पाणी झालं," वोफा खुर्चीत बसत म्हणाला. "आता आमान्ने विचारू या."

त्याचा हा विनोद पहिल्या रविवारचाच होता, पण खोटा नव्हता. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी बसवतात, पाणी देतात, आणि मगच विचारतात, आमान्ने काय, काय निरोप घेऊन आलात. त्यावर पाहुणा पहिल्यांदा एकच उत्तर देतो: सगळं शांत आहे, वाईट काही आणलेलं नाही. घरात मढं टाकून निरोप सांगायला आलेला माणूससुद्धा सुरुवात हीच करतो. खरी गोष्ट त्याच्या मागून येते. म्हणून पहिलं उत्तर कुणी मोजत नाही.

जेलीचंही तसंच होतं, आणि वोफाला सगळ्यांत जास्त मजा याचीच वाटे. यंत्र जेलीला हाक मारतं, जेली प्रतिध्वनी देते, मग दुसरा, तिसरा, विरत विरत. किरण लागले असतील तिथे तो लवकर विरतो. किती लवकर, त्यावरून किरणांचं माप. पण पहिला प्रतिध्वनी कधीच धड नसतो, तो माप बिघडवतो. म्हणून हिशेबातून तो सोडून द्यायचा, आणि दुसऱ्यापासून ऐकायचं. "बघा," वोफा म्हणाला होता, "जेली आपल्याच गावची आहे."

हे सोडून बाकी सगळं आफ्राकोमाला हाताने ठरवावं लागत होतं, आणि त्यातच तिच्या नाकी नऊ आले होते. दोन प्रतिध्वनींमध्ये किती थांबायचं. हाक मारून झाल्यावर पुन्हा हाक मारण्याआधी जेलीला दम किती घेऊ द्यायचा. घाई केली तर ती अर्धवट बोलते. चित्र स्वच्छ यावं म्हणून तेच तेच किती वेळा विचारायचं. फार वेळा विचारलं तर यंत्राच्या उबेने जेली तापते आणि तिसरंच काही सांगू लागते. आणि बरणीचे काप किती जाड घ्यायचे. यंत्र बरणी कापत नाही, पण चित्र कापाकापानेच काढतं. बारीक काप घेतला तर चित्र रेताड येतं, जाड घेतला तर सुरेख आणि गुळगुळीत.

पहिल्या रविवारी तिने बारीक काप घेतले. चित्र नुसतं रेताड. पण त्या रेतीत, जिथे नसेची जागा होती तिथे, एक पुसटसा डाग होता. किरण जायला नको तिथे गेल्याचा डाग. अँपोन्साह चष्मा वर करून म्हणाले, अगं, ही रेती आहे, उगीच भुतं बघू नकोस. दुसऱ्या रविवारी तिने जाड काप घेतले. चित्र आरशासारखं स्वच्छ, आणि डाग नाही. अँपोन्साह यांनी त्याच संध्याकाळी पोकुआला निरोप पाठवला, तारीख ठरवली, आणि आफ्राकोमाच्या टेबलावर सहीचा कागद येऊन पडला. तो अजून तिथेच पडून होता.

चमचाभर मिरची वाटीत टाकली तर जीभ पोळते. मोठ्या पातेल्यात टाकली तर कुणाला कळतही नाही. आफ्राकोमाला हे कुणी शिकवायला नको होतं. जाड कापात बारीक डाग आजूबाजूच्या चांगल्या जेलीत मिसळून जातो. पण मिसळून गेला होता, की मुळात नव्हताच? आठवडाभर ती याच प्रश्नासोबत जेवत होती आणि याच प्रश्नासोबत झोपत होती. दमली होती ती. पाठ दुखत होती, डोळे चुरचुरत होते, आणि मनातल्या मनात ती देवाला एकच मागत होती: डाग नसू दे.

पोकुआने बरणी पाहिली होती, हे त्यात आणखी वाईट. महिन्याभरापूर्वी तपासणीला आली तेव्हा आफ्राकोमाने तिला ती दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं. पोकुआने उजवा डोळा बारीक करून बरणी बघितली, बोटाने टिचकी मारली.

"म्हणजे ही माझ्या आधी तिथे जाऊन बघून येणार?"

"हो, मामे."

"मग ही माझी थोरली बहीणच की. आईने मला कधी पुढे पाठवलं नाही बघ, कायम थोरलीला पाठवायची." आणि बरणीकडे वळून ती म्हणाली, "नीट बघून ये गं बाई. माझं सगळं दुकान त्या एका डोळ्यात आहे."

आता वोफा काचेपलीकडे जाऊन बरणी नीट बसवून आला. आफ्राकोमाने काप पुन्हा बारीक घेतले. प्रतिध्वनींमधलं अंतर कमी केलं, दम घ्यायचा वेळ वाढवला. आणि एकाच दमात वीस वेळा विचारण्याऐवजी थोडंसं विचारायचं, थांबायचं, जेलीला पुन्हा निवू द्यायचं, मग परत विचारायचं, असं ठरवलं. वेळ दुप्पट लागणार होता. वोफाने बायकोला फोन करून सांगितलं की पाळकाला म्हणावं तब्येत बरी नाही. बायकोने विचारलं, कुणाची, तर तो म्हणाला, एका बरणीची. पलीकडून फोन आपटला गेला.

यंत्र ठकठकत राहिलं. रस्त्यापलीकडच्या चर्चमधून गाणं येत होतं, ढोल येत होता, मध्येच वीज गेली की सगळंच थांबत होतं आणि जनरेटर घरघरत सुरू होत होता. वीज गेली की वोफा शिवी देई, मग रविवार आहे म्हणून देवाची माफी मागे. तुकड्यातुकड्याने आलेली वाचनं आफ्राकोमा एकावर एक ठेवत होती, आणि रेती हळूहळू खाली बसत होती.

रेती बसली, डाग राहिला.

नुसता राहिला नाही, तर त्याला कडा आल्या. तांदळाच्या दाण्याएवढा, नसेच्या जागेवर, आडवा. पहिल्या रविवारी दिसला होता तिथेच. तिने मुकाट्याने पुन्हा एकदा विचारलं, या वेळी बरणी फिरवून ठेवून. बरणीबरोबर डागही फिरला. म्हणजे डाग एमआरआयने घातलेला नव्हता, जेलीतच होता. किरण सोडणाऱ्या यंत्रातल्या, किरण अडवणाऱ्या धातूच्या पट्ट्या कॉम्प्युटरला वाटत होतं तिथे मिटत नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ. फट उरत होती, आणि फटीतून किरण सरळ नसेवर जात होते.

वोफा तिच्या खांद्यावरून बघत होता. मग हळूच म्हणाला, "जाड काप लावून बघू एकदा?"

त्याने काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा बघवत नव्हता म्हणून म्हटलं. आणि खरं सांगायचं तर आफ्राकोमाचा हात तिकडे गेलाही. जाड काप लावायचा, डाग जाईल, कागदावर चित्र आरशासारखं येईल, कुणी बोट दाखवू शकणार नाही. उलट चित्र किती स्वच्छ म्हणून वाहवा होईल. घरी जाऊन झोपता येईल. तीन रविवारांत तिला झोपेइतकं दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आणि हे तांबडं फुटणार होतं ते पोकुआच्या डोळ्यात, पाच-सहा महिन्यांनी, एखाद्या सकाळी, हातात सुई असताना. आफ्राकोमाने हात मागे घेतला.

डॉक्टर अँपोन्साह चर्च सुटल्यावर थेट इथेच आले. अंगात रविवारचे पांढरे कपडे, हातात पानात बांधलेलं वाचे, म्हणजे चवळी घातलेला भात, दोघांसाठी. भला माणूस होता तो. कुणी उपाशी असेल हे त्यांना आधी सुचायचं. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि पानाची पुडी टेबलावर ठेवून दिली.

"मागच्या रविवारी हा नव्हता."

"जाड कापात दिसत नव्हता, सर."

"म्हणजे एक वाचन म्हणतं, डाग आहे, एक म्हणतं, नाही. दोन्ही तुझ्याच हातची. मग आजचंच खरं कशावरून?"

आफ्राकोमाला खूप काही सांगता आलं असतं. अंतरं, वेळा, उब, बरणी फिरवली ते. ते सगळं तिने नंतर सांगितलंही. पण आधी तिच्या तोंडून निघालं ते असं:

"कारण मला हा डाग नको होता, सर. आज मी तो घालवायलाच बसले होते. गेला नाही."

अँपोन्साह खुर्चीवर बसले. पांढऱ्या सदऱ्याला घामाचे डाग पडले होते. ते म्हणाले की पट्ट्या दुरुस्त करायला बाहेरून माणूस बोलवावा लागेल, त्याला यायला महिने लागतील, आणि ती गाठ काही तोवर थांबणार नाही. म्हणजे जुनाच इलाज, फटीतून थोडं गेलं तरी नसेला सोसेल असा. सहा आठवडे. मग बराच वेळ ते वाचेच्या पानाची गाठ सोडत राहिले आणि ती सुटेना.

"मी तिला शब्द दिला होता," ते शेवटी म्हणाले. "आठवड्यात घरी पाठवीन म्हणून. तिने गिऱ्हाइकांना तारखा दिल्यात, आफ्रा. माझ्याच्याने नाही सांगवायचं."

"मी जाते," ती म्हणाली. रागाने नव्हे. राग यायलाही अंगात जरा बळ लागतं.

पोकुआ शहरातच, ताफो भागात, चुलतबहिणीकडे उतरली होती. आफ्राकोमा गेली तेव्हा दुपार उतरणीला लागली होती. अंगणात पोकुआ लाकडी स्टुलावर बसून कुणाचा तरी ब्लाऊज हाताने टाचत होती. पायाने चालवायचं शिलाई मशीन गावाकडे राहिलं होतं, पण हात काही स्वस्थ बसत नव्हते. आफ्राकोमाला बघताच ती उठली, खुर्ची दिली, आणि चुलतबहिणीने पितळी ताटलीत ग्लास ठेवून पाणी आणलं. आफ्राकोमा पाणी प्यायली. उरलेले दोन थेंब जमिनीवर सांडले, पूर्वजांना. मग कुणाची तब्येत कशी, कुणाची मुलं कशी, हे सगळं झालं. घाई कुणीच केली नाही. आफ्राकोमाला वाटलं की ही रीत किती चांगली आहे, माणसाला जरा वेळ मिळतो. आणि तेवढ्यात वेळ संपला.

"आमान्ने?" पोकुआने विचारलं.

"सगळं शांत आहे, मामे," आफ्राकोमा म्हणाली. "वाईट काही घेऊन आले नाही."

पोकुआने सुई ब्लाऊजला टोचून ठेवली. तिच्या उजव्या डोळ्याने आफ्राकोमाचा चेहरा सावकाश, वरपासून खालपर्यंत बघून घेतला. कापड बघावं तसा, उलटं-सुलटं.

"हे पहिलं झालं," ती म्हणाली. "आता दुसरं सांग. माझी बहीण काय बघून आली?"

आफ्राकोमाने वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. पट्ट्या, फट, सहा आठवडे, सरकारी खर्चाचा कागद कुठे मिळतो ते. एकही आठवेना.

"ती म्हणाली, त्या वाटेने जाऊ नकोस."

अंगणात शेजारच्या घरातल्या रेडिओवर फुटबॉलची मॅच चालली होती. चुलतबहीण ताटली हातात घेऊन तशीच उभी होती. पोकुआने मान खाली घातली. तिच्या गालावरून पाणी आलं, एकाच डोळ्यातून. डाव्या डोळ्याचं पाणीही गाठीने नेलं होतं. ते तिने अंगावरच्या कापडाच्या पदरासारख्या टोकाने पुसलं.

मग आफ्राकोमाने उरलेलं सांगितलं. रोज थोडं थोडं, सहा आठवडे, इथेच राहून. पोकुआने एकेक विचारलं. डोळा राहील का? राहण्याची आशा चांगली आहे. नक्की? नक्की नाही, मामे. आणि त्या दुसऱ्या वाटेने गेले असते तर? आफ्राकोमाने ब्लाऊजला टोचलेल्या सुईकडे बघितलं. पोकुआने त्याचं उत्तर पुन्हा मागितलं नाही.

"डिसेंबर गेला माझा," ती म्हणाली. "बायका माझ्या नावाने बोटं मोडतील. ख्रिसमसला काय नागव्या जाऊ का म्हणतील." आणि चुलतबहिणीला म्हणाली, "टेचिमानच्या ट्रकवाल्याला फोन लाव. माझं मशीन इकडे आणायला सांग. या तुझ्या ओट्यावर ठेवीन. सहा आठवडे नुसती बसून तुझं डोकं खाईन, त्यापेक्षा ते बरं."

चुलतबहीण हसली आणि हसता हसता रडू लागली, म्हणून ती आत गेली.

पोकुआने ब्लाऊज पुन्हा मांडीवर घेतला. सुईतला दोरा संपला होता. तिने नवा दोरा तोडला आणि सवयीप्रमाणे सुईसकट समोर बसलेल्या माणसापुढे केला. घरात तरुण माणूस असताना म्हातारीने सुईत दोरा ओवत बसायचं नाही, ही सगळीकडचीच रीत.

आफ्राकोमाने सुई घेतली. सुई उन्हाकडे धरली. नेढं दिसेना. तीन रविवार ती रेतीत बघत बसली होती, आणि आता दोऱ्याचं टोक कधी इकडून जाई, कधी तिकडून. तिने दोरा ओठांत ओला केला, पुन्हा बघितलं. सगळं पुसट. डोळ्यांत काय आलं होतं तेही तिला कळत नव्हतं.

"दे इकडे," पोकुआ म्हणाली.

तिने सुई घेतली, डोळ्यासमोर धरली, उजवा डोळा बारीक केला, आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. मग गाठ मारली आणि कापडावर वाकून टाके घालू लागली.